अर्ज आणि हरताळ : सुरतेच्या छोट्या दुकानदाराची साडेतीनशे वर्षे

सुरतेचे नाव घेतले की मराठी माणसाला दोन साले आठवतात. पहिले १६६४. त्या वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि वीरजी व्होरासारख्या धनाढ्य सावकारांची कोठारे रिकामी केली. दुसरे १९०७. त्या वर्षीच्या डिसेंबरात तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधला काँग्रेसचा मांडव मोडला, मवाळ आणि जहाल वेगळे झाले आणि लोकमान्य टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे राहिले. ही दोन्ही साले आपण शाळेत शिकलो आणि मुलांनाही शिकवली. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावात आपण राहतो, त्या गावाचा एक तिसरा इतिहासही आहे. त्यात तलवार नाही, व्यासपीठही नाही. आहेत त्या दुकानाच्या लाकडी फळ्या, सकाळी उघडायच्या आणि रात्री लावायच्या. राज्यकर्त्याने गाऱ्हाणे ऐकले नाही, तर त्या दिवसाही लावून ठेवायच्या.

मोगल सुभेदारापासून आजच्या जीएसटी परिषदेपर्यंत सुरतेच्या छोट्या व्यापाऱ्याने आपले म्हणणे सरकारपर्यंत कसे पोहोचवले, त्याचा हा आढावा आहे.

आठ हजार माणसांचे प्रस्थान

१६६४ च्या लुटीनंतर औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली. बंदर उजाड झाले तर खजिना आटेल, हे दिल्लीला कळत होते. सुरतेचा व्यापारी हतबल दिसत असला तरी आपल्या हातात काय आहे, हे तेव्हापासून त्यालाही कळू लागले असावे.

पाच वर्षांनी ते दिसून आले. सुरतेच्या काझीने वाणी समाजावर धर्माच्या नावाखाली जबरदस्ती आणि पैसे उकळणे सुरू केले. सप्टेंबर १६६९ मध्ये भीमजी पारेख याच्या पुढारीपणाखाली सुमारे आठ हजार वाणी सुरत सोडून भरूचला निघून गेले. भीमजी हा इंग्रज कंपनीचा दलाल होता. आपल्या भाषेत छापखाना काढावा म्हणून विलायतेहून छापणारा मागवणारा गृहस्थ तोच. या मंडळींनी दंगा केला नाही, दगड मारला नाही. ते फक्त उठले आणि गेले.

मागे सुरतेचे काय झाले, ते इंग्रज वखारीच्या पत्रांत नोंदलेले आहे. दुकाने बंद, टांकसाळ बंद, जकातीचे घर ओस. सावकारी थांबल्यामुळे नाणे मिळेना आणि रोजच्या जिनसांची टंचाई झाली. शेवटी बादशहाकडून अभयाचे पत्र आले आणि डिसेंबरात मंडळी परत आली.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे महाजन. प्रत्येक धंद्याचे महाजन असे, कारागिरांची पंचायत असे आणि त्यांवर नगरशेठ. एकट्या किराणेवाल्याला सुभेदाराच्या दारात कोण उभे करणार? महाजनामार्फत गेला तर त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाई. दुसरी गोष्ट महाजनाच्या धाकाची. महाजनाने दुकान बंद ठेवा म्हटल्यावर ज्याने उघडले, त्याला दंड होई किंवा वाळीत टाकले जाई. ही एकी नुसत्या प्रेमाची नव्हती, तिच्यात जरबही होती. महाजनाचा आवाज मोठा होता, पण तो बहुतेक वेळा मोठ्या पेढीचा आवाज असे.

मिठाचे बारा आणे

कंपनी सरकार आले, सुभेदाराच्या जागी कलेक्टर बसला. नवे सरकार कागदावर चालणारे होते. महाजनही अर्ज लिहू लागले. पण अर्जाला उत्तर आले नाही, की जुनी रीत परत निघे.

१८४४ सालची हकिकत मोठी बोधप्रद आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यातले शहर-जकाती, मोहतर्फा, बलुत्यावरचे कर, धंद्यांवरच्या पट्ट्या असे अनेक जुने कर सरकारने कायद्याने रद्द केले. व्यापारी आणि कारागीर यांच्या दृष्टीने ही सोयच होती. पण खजिन्यातली तूट कुठून भरायची? सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला. पेढीवरचे ओझे उतरवून ते चुलीवर ठेवले.

ऑगस्टच्या अखेरीस सुरत पेटली. दुकाने बंद झाली, लोक रस्त्यावर आले, सरकारी कचेरीवर मोर्चा गेला. एक लक्षात घ्या : शहर-जकात गेल्यामुळे ज्यांचा फायदा व्हायचा होता त्या व्यापाऱ्यांनीही फळ्या लावल्या. मिठाची वाढ गिऱ्हाइकाच्या पोटावर येणार, हे रोज त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला सांगावे लागले नाही. सरकारने त्याच वर्षी कर एक रुपयावरून बारा आण्यांवर आणला. पूर्ण माघार नाही, अर्धी. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढेही असाच हिशेब दिसणार आहे.

या दिवसांत एक मराठी गृहस्थ सुरतेत शिक्षक होते. मराठी भाषेचे पहिले मान्यता पावलेले व्याकरण ज्यांनी १८३६ मध्ये छापले ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. मिठाच्या दंग्याच्या दोनच महिने आधी, जून १८४४ मध्ये, दुर्गाराम मेहताजी आणि इतर गुजराती स्नेह्यांबरोबर त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली होती. पुढे मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचे बी त्या सभेत आहे. जातीबाहेर जाऊन, माणूस म्हणून एकत्र बसायचे आणि चर्चा करायची, ही कल्पना या शहराला नवीन होती. महाजन जातीचे आणि धंद्याचे होते, सभा सर्वांची. पुढच्या शंभर वर्षांत व्यापाऱ्यांचे प्रतिनिधित्वही हळूहळू महाजनाकडून सभेकडे सरकले. त्या वळणाच्या आरंभी एक मराठी शिक्षक उभा होता, हे आपल्याला सहसा आठवत नाही.

चार वर्षांनी, १८४८ मध्ये, सरकारने बंगालची वजने-मापे सुरतेत लागू करायचे ठरवले. पुन्हा दुकाने बंद झाली आणि यावेळी हुकूम मागे घेतला गेला. वजन बदलणे ही कलेक्टरला किरकोळ सुधारणा वाटली असेल. पण ज्याचे सगळे दुकान एका तागडीवर उभे आहे, त्याला नवी वजने विकत घ्यावी लागतात, जुने भाव नव्याने बसवावे लागतात आणि गिऱ्हाइकाचा संशय पदरात घ्यावा लागतो. मोठ्या पेढीला तो खर्च जाणवत नाही. छोट्याची गोष्ट वेगळी असते.

परवान्याचा कर आणि एक वकील

सुरतेचे प्रत्येक आंदोलन यशस्वी झाले असे मात्र नाही. १८६० मध्ये नवा आयकर आला तेव्हाही विरोध झाला. तो सरकारने मोडून काढला. त्याहून मोठा पराभव १८७८ सालचा.

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पुणे, नगर, सोलापूर या भागांतली माणसे आणि गुरे मेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. पुढच्या दुष्काळासाठी पैसा हवा म्हणून सरकारने व्यापारी आणि कारागीर यांच्यावर परवाना कर बसवला. कारण योग्य होते, वाटणी अयोग्य. मुंबई इलाख्यात वर्षाला शंभर रुपयांवर कमाई असलेला छोटा दुकानदार त्या करात सापडला. मोठ्या पगाराचा सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टर मात्र त्यातून सुटले. आणि ज्या धंद्यावरच्या पट्ट्या १८४४ मध्ये मीठ महाग करून काढून टाकल्या होत्या, त्याच ३४ वर्षांनी नव्या नावाने परत आल्या. मिठाचा कर होता तो होताच.

एप्रिल १८७८ च्या पहिल्या आठवड्यात सुरतेची दुकाने बंद झाली. पुढे दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली आणि अनेकांवर खटले झाले. कर रद्द झाला नाही. १८८० मध्ये मात्र करमाफीची मर्यादा शंभरावरून पाचशे रुपयांवर नेण्यात आली आणि सर्वांत लहान दुकानदार त्यातून सुटले. १८८६ च्या आयकर कायद्यात पगारदार आणि व्यावसायिकही आले. म्हणजे सुरतेच्या दुकानदाराचा मुद्दा सरकारला पटायला आठ वर्षे लागली.

१८७८ मध्ये सुरत का हरली? कर सगळ्या हिंदुस्थानचा होता आणि दुकाने एका शहराने बंद केली होती. मिठाचा किंवा वजनाचा प्रश्न मुंबईच्या सरकारला निस्तरता येत होता, हा येत नव्हता. एका गावाच्या महाजनाचा हात कलकत्त्यापर्यंत पोहोचत नाही, हा धडा तेव्हा मिळाला. पुढच्या काळात सुरतेतही महाजनाच्या जोडीला सार्वजनिक सभा निघाल्या. त्यांचे पुढारी वकील होते आणि कागद लिहिणे हेच त्यांचे काम होते.

त्या दंग्याच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत मुंबईचे तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता होते. आता १९०७ कडे परत येऊ. फ्रेंच गार्डनच्या मांडवात व्यासपीठाकडे जो प्रसिद्ध दक्षिणी जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहांना लागला. आपण तो प्रसंग जहाल आणि मवाळ असा वाचतो. अर्ज-विनंत्या करणारे एकीकडे, लढा करणारे दुसरीकडे. पण ज्या गावात तो जोडा उडाला, त्या गावच्या दुकानदारांसाठी २९ वर्षांपूर्वी कोर्टात उभा राहिलेला माणूसच तो जोडा खात होता. आणि सुरतेच्या बाजारपेठेने अर्ज की लढा असा निवाडा कधी केलाच नव्हता. आधी अर्ज, मग हरताळ, मग पुन्हा बोलणी. दोन्ही हातांनी काम करायची तिची जुनी सवय.

जरीपासून यंत्रमागापर्यंत

विसाव्या शतकात कागदाची बाजू भक्कम झाली. सुरतेची जरी हा घराघरांतला उद्योग होता. तार ओढणे, चपटी करणे, रेशमावर गुंडाळणे अशी कामे वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांत होत. फ्रान्सच्या स्वस्त जरीने हा धंदा बुडू लागला, तेव्हा प्रश्न भारतीय टॅरिफ बोर्डापुढे गेला. बोर्डाने चौकशी केली आणि १९३१ मध्ये जरीला संरक्षण मिळाले. यावेळी फळ्या लावाव्या लागल्या नाहीत. खर्चाचे हिशेब मांडावे लागले. १९४० मध्ये दक्षिण गुजरातच्या व्यापार-उद्योगांचे चेंबर सुरतेत स्थापन झाले आणि कागदी कामाला कायमचे घर मिळाले.

१९५७ मध्ये केंद्राने कापड, साखर आणि तंबाखू यांच्यावरचा राज्यांचा विक्रीकर काढून त्याऐवजी कारखान्यावरच जादा अबकारी बसवण्याची व्यवस्था केली. कापडाच्या व्यापाऱ्याला विक्रीकराच्या वह्या ठेवाव्या लागल्या नाहीत. पुढची ६० वर्षे रिंग रोडवरच्या बाजारपेठा याच सोयीवर वाढल्या. ताके येतात, दलाल भाव बोलतो, चिठ्ठी होते, माल पार्सलने देशभर जातो आणि पैसे उधारीवर महिन्यांनी येतात.

इथे आपली माणसे आली. तापी खोऱ्यातून भुसावळला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली होती. त्याच रुळांवरून जळगाव, धुळे, नंदुरबारची कुटुंबे पुढे हजारोंनी उधना आणि लिंबायतला उतरली. कुणी यंत्रमागावर लागला, कुणी डाईंगमध्ये, कुणी चार जुने माग घेऊन स्वतः कारखानदार झाला. घरातल्या बायका साड्यांना लेस लावू लागल्या, टिकल्या चिकटवू लागल्या, धागे कापू लागल्या. सुरत, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही यंत्रमागाची गावे धंद्याने भावंडेच आहेत. २००३ च्या अर्थसंकल्पाने अबकारीची साखळी या छोट्या मागांपर्यंत आणली, तेव्हा ती निरनिराळ्या गावांत एकाच वेळी थांबली. २००४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात ती सक्ती उठून ऐच्छिक झाली. १८७८ मध्ये जे एकट्या सुरतेला जमले नव्हते, ते अनेक गावांना मिळून जमले.

अठराचे बारा, बाराचे पाच

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ६० वर्षांची सोय संपली. कापडावर ५ टक्के, पण कृत्रिम धाग्यावर १८. विणकराने धागा घेताना भरलेला कर कापड विकताना पूर्ण वळता होत नव्हता आणि उरलेल्याचा परतावा कापडाला नाकारलेला होता. ज्याच्या एकाच कंपनीत धाग्यापासून कापडापर्यंत सगळे होते, त्याला हे फारसे जाणवले नाही. धागा एकाचा, माग दुसऱ्याचा, रंगाई तिसऱ्याची आणि भरतकाम चौथ्याचे ही तर सुरतेची रीतच. प्रत्येक पायरीवर भांडवल अडकू लागले.

जुन्या संघटना असतानाही या लढ्यासाठी जीएसटी संघर्ष समिती वेगळी उभी राहिली. रिंग रोडचे बाजार आठवड्यांमागून आठवडे बंद राहिले, मोठे मोर्चे निघाले, पोलिसांचा लाठीमारही झाला. १८ जुलैला संप मागे घेतला गेला. त्या दिवशी व्यापाऱ्यांच्या हातात फारसे काही नव्हते. पण ऑगस्टमध्ये जॉबवर्कचा दर ५ टक्के झाला आणि ६ ऑक्टोबरला कृत्रिम धाग्याचा दर १८ वरून १२ वर आला. रुपयाचे बारा आणे झाले तसेच, अर्धी माघार. डिसेंबरात विधानसभेच्या निवडणुका होत्या, हेही सगळ्यांच्या लक्षात होते.

बाकीचे काम कागदाने झाले. जुलै २०१८ मध्ये कापडाला परतावा मंजूर झाला, मात्र तोवर साठलेले क्रेडिट बुडीत ठरवले गेले. सुरतकडच्या उद्योजकांनी गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती बुडवणूक बेकायदा ठरवली. २०२१ च्या अखेरीस कापडावरचा दर १२ टक्के होणार होता, तो ३१ डिसेंबरच्या बैठकीत थांबला. त्या परिषदेत व्यापाऱ्याला खुर्ची नाही. मतांचा एक तृतीयांश भार केंद्राचा, दोन तृतीयांश राज्यांचा. त्यामुळे गाऱ्हाणे आधी राज्याच्या अर्थमंत्र्याला पटवावे लागते आणि तेही एका राज्याच्या नव्हे, अनेक राज्यांच्या. शेवटी २०२५ चा गणेशोत्सव चालू असतानाच, ३ सप्टेंबरला, कृत्रिम तंतू आणि धागा दोन्ही ५ टक्क्यांवर आणायचा निर्णय झाला. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, तो लागू झाला. २०१७ ची मागणी पुरी व्हायला आठ वर्षे लागली. परवाना करालाही आठच लागली होती.

राहिलेली माणसे

ही सगळी हकिकत वाचून समाधान वाटते, पण ते अर्धेच आहे. प्रत्येक वेळी एक प्रश्न मागे राहतो : बोलणीला बसला तो कोणाच्या वतीने बोलला?

२०१७ मध्ये बाजार बंद होता, तेव्हा दुकानदाराचे नुकसान मोजले गेले. वर्तमानपत्रांत रोज कोटींचे आकडे येत. लिंबायतच्या खोलीत लेस लावणाऱ्या बाईकडे त्या दिवसांत साड्यांचा गठ्ठा आला नाही. तिची मजुरी नगावर असल्यामुळे तिला सुट्टी नव्हती, नुसते काम नव्हते. तिचा आकडा कोणत्याच निवेदनात नव्हता. मागणी मान्य झाली तेव्हा तिची मजुरी वाढली असेही नाही.

अलीकडच्या एका कायद्यातही हेच दिसते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते न केल्यास तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळणार नाही, अशी तरतूद २०२३ मध्ये झाली. हेतू छोट्याचे पैसे वेळेवर मिळावेत हा. पण नोंदणीकृत छोट्या विणकराकडून माल घ्यायलाच गिऱ्हाईक कचरू लागले आणि महिनोन्‌महिने उधारीवर चालणाऱ्या कापड बाजारातून या तरतुदीविरुद्ध निवेदने गेली. केवळ व्यापार करणाऱ्यांना मात्र तिचे संरक्षणच नव्हते. छोट्याच्या भल्यासाठी केलेला नियम छोट्यालाच का बोचला? बाजाराची उधारीची रीत नियम करणाऱ्याला ठाऊक नव्हती, की ठाऊक असलेल्यांनी आपल्यापुरतेच सांगितले? दोन्ही थोडे थोडे खरे असावे.

महाजनाच्या काळापासून हे असेच आहे. ज्याच्याकडे हिशेब लिहिलेला असतो, त्याचे गाऱ्हाणे सरकारात पोहोचते. १९३१ मध्ये जरीवाल्यांनी खर्च मांडला म्हणून संरक्षण मिळाले. २०१९ मध्ये वह्या होत्या म्हणून न्यायालयात जिंकता आले. लेस लावणाऱ्या बाईची वही नाही, चार माग चालवणाऱ्या आपल्या खान्देशी भावाची बहुधा अर्धीच आहे.

गणेशोत्सवात आपण वर्गणीच्या पावतीपासून मांडवाच्या बांबूपर्यंत सगळ्याचा जमाखर्च लिहितो आणि तो अनंत चतुर्दशीनंतर सभासदांपुढे ठेवतो. ही सवय आपल्याला आहे. मंडळातल्या जॉबवर्कवाल्यांची, छोट्या कारखानदारांची आणि घरून काम करणाऱ्या भगिनींची एक नोंदवही करावी. कोण काय काम करतो, नगाला किती मिळते, वर्षात किती दिवस काम असते, पैसे किती दिवसांनी हातात येतात, एवढेच त्यात लिहावे. पुढच्या वेळी एखादे निवेदन गांधीनगरला किंवा दिल्लीला निघेल, तेव्हा त्यात ही चार पाने जोडता येतील. काम मोठे नाही. एक वही, दोन तरुण आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पुरे.